जेवणाचा भोंगा

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामपंचायतीच्या गच्चीवर नवा भोंगा बसवला. तो बोलतो. बाईच्या आवाजात बोलतो, आणि बाई अशी शुद्ध बोलते की ऐकताना आपोआप पदर नीट करावासा वाटतो. "सखल भागातील नागरिकांनी तात्काळ सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे." उद्घाटनाला तो तीनदा वाजवला. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "ही कुणाकडं आलीया गं?" मी म्हटलं, पाहुणी आहे, पावसाळाभर राहणार आहे. त्यावर म्हातारीनं तिला कुणी चहा विचारला का, याची चौकशी केली. स्थलांतराचं तिच्या डोक्यात काही शिरलं नाही.

मी याच ग्रामपंचायतीत जन्मभर क्लार्क होते. गाव पंचगंगेच्या वळणावर, कोल्हापूर सोडून इचलकरंजीच्या अंगाला. नाव सांगत नाही. सांगितलं तर गावातली माणसं वाचणार, आणि मग माझ्या दारात येऊन भांडणार. नोकरीत होते तोवर भांडणं हे कामच होतं, आता फुकट कशाला घसा फोडू? तर त्या शुद्ध बाईचा आवाज ऐकला आणि मला भूपालअण्णांची इतकी आठवण आली की मी पेढा हातात तसाच धरून कोल्हापूरला मुलीच्या घरी परत आले. अण्णांना जाऊन आता दोन दिवाळ्या झाल्या.

अण्णा जैन गल्लीतले. धंद्यानं पॅटर्नवाले. म्हणजे फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो करणारे. पंपाचं घर असो की इंजिनाचं चाक असो, आधी अण्णा ते सागवानात घडवणार, मग वाळूत त्याचा ठसा घेणार, मग लोखंड. चाळीस वर्षं रोज सायकलवरून कोल्हापुरात उद्यमनगरला जाऊन त्यांनी हेच केलं. अंगात पांढरा हाफ शर्ट, कानावर पेन्सिल, आणि खिशात एक पितळी पट्टी. त्या पट्टीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

या पट्टीनं मला एकदा चांगलंच गोत्यात आणलं. ओतलेलं लोखंड गार होताना थोडं आकसतं. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी खऱ्या पट्टीपेक्षा किंचित लांब असते, त्यातच आकसणं धरलेलं असतं. हे मला काय माहीत? पंचायतीच्या दप्तरखोलीला नवा दरवाजा करायचा होता, अण्णा समोरच बसलेले, मी चौकटीची मापं कागदावर दिली आणि म्हटलं, अण्णा तेवढ्या फळ्या आखून द्या. त्यांनी सवयीनं तीच पट्टी काढली. दरवाजा आला तो चौकटीपेक्षा चांगला बोटभर मोठा. सरपंच माझ्यावर ओरडले, मी अण्णांवर ओरडले. अण्णांनी दरवाजा बघितला, चौकट बघितली, आणि शांतपणे म्हणाले, "दरवाजा बरोबर हाय. लोखंडाचा असता तर गार होऊन बसला असता की."

आकसणं हा त्यांचा सगळ्या जगाला लावायचा हिशेब होता. पाहुणे दहा येतो म्हणाले तर अण्णा आठ जणांचा स्वयंपाक सांगायचे. सरपंचांनी निवडणुकीत पाच कामं कबूल केली तर अण्णा माझ्याकडं वाकून म्हणायचे, "गार झाल्यावर बघू किती उरत्यात." वाकून म्हणजे वाकूनच. कारण या माणसाचा आवाज इतका बारीक की कोल्हापूर जिल्ह्यात जन्माला आला कसा, हाच प्रश्न पडावा. इथं आम्ही शेजारणीला मीठ मागतो तेही पलीकडच्या गल्लीला कळतं. अण्णा मात्र कुजबुजायचे. फौंड्रीतल्या खडखडाटात चाळीस वर्षं ओरडण्यात काही अर्थ नाही हे कळल्यावर त्यांनी ओरडणंच सोडून दिलं होतं म्हणे. त्यांच्या बायकोला, पद्माकाकूंना, याचा भयंकर राग होता. नवऱ्याशी भांडताना त्याचं म्हणणं ऐकायला जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की भांडण नीट होत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं घरातलं सगळं बोलणं काकूच करायच्या.

अण्णा निवृत्त झाले आणि पुढच्याच पावसाळ्यात मोठा पूर आला. त्या पुरात मी एक धडा शिकले. पाणी वाढतंय असा निरोप मला तालुक्यावरून आला, आणि मी तो लगोलग गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लोकांनी नेहमीप्रमाणं जोडलेले हात पाठवले. एकानं गुलाब पाठवला. वाचलं कुणीच नव्हतं. खालच्या गल्लीत, म्हणजे जैन गल्ली आणि तिला लागून असलेली मराठा गल्ली, या दोन्हींत पाणी शिरलं तेव्हा माणसं घरात होती. अण्णा आणि काकू दोन दिवस कौलांवर बसून होते. होडी आली तेव्हा काकू नवऱ्याला बोलत होत्या, आणि होडीतल्या पोरांनी सांगितलं की अण्णा एक शब्दही उलट बोलत नव्हते. कुडकुडत होते.

पाणी उतरल्यावर, चिखल काढायच्याही आधी, अण्णा पंचायतीत आले. माझ्या टेबलावर वाकले. "शालन," म्हणाले, "फुलं नकोत. आवाज पायजे. पाणी येतंय म्हटल्यावर खालची गल्ली उठली पायजे. मला बाकी काय नको बघ."

आणि खरंच, त्यानंतर त्यांनी जगात दुसरं काही मागितलं नाही.

त्यांच्या भावाचं गुऱ्हाळ बंद पडलं होतं. त्यातलं सगळं सामान अण्णांनी उचललं. गूळ शिजवायच्या जुन्या काहिलीचा पत्रा कापून कर्णा केला. ऊस पिळायच्या चरकाची दातेरी चाकं काढली. कुठल्यातरी भंगारातल्या जीपचं डिफरन्शियल, म्हणजे फिरणं काटकोनात वळवणारा दातेरी चाकांचा डबा, आणलं. फक्त आतला पंखा आणि त्याच्याभोवतीचं खाचांचं घर हे मात्र त्यांनी सागवानात पॅटर्न करून नवं ओतून घेतलं, आणि त्या पॅटर्नला त्यांनी जेवढं जपलं तेवढं काकूंना जपलं असतं तर, असं काकू म्हणायच्या.

मग ग्रामसभा. तिथं अण्णांनी भोंग्याचा इतिहास सांगितला. सांगितला म्हणजे कुजबुजले, आणि पहिल्या रांगेनं तो मागच्या रांगांना ओरडून सांगितला. पहिला भोंगा म्हणे कुणाला सावध करायला केलाच नव्हता. एका शास्त्रज्ञाला सूर मोजायचा होता. त्यानं भोकं पाडलेली तबकडी फिरवली आणि त्या भोकांतनं वारा सोडला. वाऱ्याचे तुकडे झाले, आणि सेकंदाला जेवढे तुकडे, तेवढा वरचा सूर. तो यंत्राचा तुकडा पाण्यात बुडवला तरी गात होता, म्हणून समुद्रात गाणाऱ्या कुठल्याशा बायकांवरनं त्याला सायरन नाव दिलं. पुढं तो गिरण्यांनी उचलला, मग लढाईत शहरांनी उचलला, आणि मग वावटळीच्या मुलखात लोकांना वाटलं, एवढ्या लांब लांबच्या घरांना ऐकू जायचं तर भोंग्यानं तोंड फिरवलं पाहिजे. समुद्रातल्या बायकांपाशी आमचे सगळे पुरुष थोडे रेंगाळले, पण बाकी ऐकलं.

सरपंचांनी शंका काढली. भोंगा फिरवायचा कशाला, चारी बाजूंना चार कर्णे लावू. अण्णा म्हणाले, "तुम्ही भाषण करताना मान फिरवता की चार तोंडं लावून घेता? दम तेवढाच असतोय. चार जागी वाटला तर एकालाबी धड ऐकू येणार न्हाय." मागून कुणीतरी म्हणालं की सरपंचांना चार तोंडंही पुरायची नाहीत. ठराव हशातच मंजूर झाला.

पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी मनोरा उभा राहिला. खाली डिझेल इंजिन, कारण पुरात सगळ्यात आधी वीज जाते. इंजिनाचा पट्टा खालून एक उभा दांडा फिरवायचा, तो दांडा पाइपातून वर जायचा, वर जीपचं डिफरन्शियल, आणि पुढं पंखा. चरकाची चाकं अख्ख्या डोक्याला सावकाश गरगर फिरवायची, मिनिटाला तीन फेरे. पाणी सोडणारा मारुती इंजिन चालवायला शिकला. पहिल्या चाचणीला मराठा गल्लीत एका घरी मुलगी बघायला पाहुणे आले होते. कर्णा त्यांच्याकडं वळला तसे पाहुणे चहाचे कप ठेवून जे उठले ते थेट गाडीत. लग्न मोडलं. त्या पोरीला पुढं उचगावात फार चांगलं घर मिळालं, आणि ती दर दिवाळीला अण्णांना लाडू पाठवायची. कर्णा काहिलीचा असल्यानं ऊन तापलं की त्याला गुळाचा वास सुटायचा आणि मनोऱ्यावर मुंगळ्यांची रांग लागायची. अण्णा ब्रश घेऊन वर चढायचे आणि एकेक मुंगळा जिवंत खाली सोडायचे. जैन माणूस, मारणार कसा?

आवाज मात्र ऐकण्यासारखा होता. कर्णा आपल्याकडं यायला लागला की मांडणीवरची भांडी वाजायची, मग तो पलीकडं वळला की आवाज लांब गेल्यासारखा व्हायचा, आणि परत येणार हे माहीत असूनही माणूस वाट बघायचा. मी तर दर वेळी हातातलं काम टाकून दारात यायचे. अण्णा म्हणायचे, यायलाच पायजे, त्यासाठीच केलाय.

मग चातुर्मास आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जैन गल्लीत सूर्य मावळला की ताट बंद. एरवी पोरंसोरं इकडंतिकडं करतात, पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत जुनी माणसं फार कडक. मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. आणि नेमका या चार महिन्यांत आमचा सूर्य तिकडं गगनबावड्याला ढगात अडकून पडलेला असतो. दुपारी तीनला संध्याकाळ वाटते. घड्याळं आहेत, मोबाईल आहेत, पण म्हाताऱ्यांचा घड्याळापेक्षा शेजाऱ्यावर विश्वास जास्त, आणि शेजारी त्यांच्याकडंच बघत असतो. तर गल्लीतली चार वडीलधारी माणसं अण्णांकडं आली. एवढा भोंगा आहे, सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी जरा वाजवायला काय हरकत आहे?

अण्णांना पटलं. का पटलं, तेही सांगते. त्यांना तो भोंगा रोज वाजवायचा होता. तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं होतं की महिन्यातून एकदा चाचणी घ्या. अण्णा म्हणाले, रोज न चालवलेलं यंत्र ऐन वेळी दगा देतं. आता ते म्हणाले त्यात काही चूक नव्हती. त्यांनी नियमही केला, आणि मी तो फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. परवानगीच्या कागदावर सही सरपंचांची असली तरी अक्षर माझं आहे, हे मी लपवणार नाही. नियम असा: भोंगा फिरत वाजला तर पाणी. एका जागी वाजला तर जेवण. जेवणाच्या वेळी कर्ण्याचं तोंड जैन गल्लीकडं करायचं, मान हलू नये म्हणून तिच्यात बोटभर जाडीची लोखंडी खिट्टी घालायची, चरकाची चाकं सोडवून ठेवायची, आणि एक मिनिट वाजवायचं.

महिनाभरात सगळं गाव त्या भोंग्यावर चालायला लागलं. जैन गल्लीत ताटं मांडली जायची. मराठा गल्लीत त्याच वेळी चुली पेटायच्या, रविवारी तर रश्श्याला फोडणी. न्हाव्याचं दुकान बंद व्हायचं. म्हशीसुद्धा भोंगा झाल्याशिवाय पान्हा सोडेनात, असं डेअरीवाले सांगायचे, आणि मला ते खोटं वाटत नाही. मी स्वतः दप्तर गुंडाळायचे. दोन चातुर्मास असे गेले. गावाला एक चांगली सवय लागली म्हणून सरपंच भाषणात सांगायला लागले. अण्णा खूश होते. रोज संध्याकाळी मारुतीनं इंजिन सुरू केलं की खाली उभे राहून नुसतं ऐकायचे, आणि एक मिनिट झालं की घरी जाऊन पाटावर बसायचे.

तिसऱ्या चातुर्मासात, श्रावण सरता सरता, वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप आला. तासाभरात ओढ्यावरची मोरी पाण्याखाली जाणार होती. खालच्या गल्लीला हायवेवर निघायला त्या मोरीशिवाय रस्ता नाही. संध्याकाळचे सहा वाजले होते.

मारुतीनं लगेच इंजिन सुरू केलं. अण्णा शिडीवरून वर गेले, खिट्टी काढायला. मी गल्लीत पळाले. भोंगा वाजायला लागला होता, आणि तो एका जागी वाजत होता. मला वाटलं आत्ता फिरेल, आत्ता फिरेल. मी पहिल्या घरात शिरले तर तिथं पानं वाढलेली. दुसऱ्या घरात तेच. मी सांगत होते पाणी आलंय, उठा, आणि माणसं माझ्याकडं दया आल्यासारखी बघत होती. एक आजोबा म्हणाले, ढग फार आहेत म्हणून अण्णांनी आज लवकर वाजवला, शहाणा माणूस. मराठा गल्लीत चुली पेटत होत्या. शेवटी मी अण्णांच्याच घरात गेले. पद्माकाकू आमटी वाढत होत्या.

"काकू, उठा. पाणी आलंय."

"पाणी असतं तर भोंगा फिरला असता की," काकू म्हणाल्या. "फळ्यावर तूच लिवलंयस. ये, बस, दोन घास खा."

मला इतका संताप आला, आणि इतकी भीती वाटली, की मी तिथंच रडायला लागले असते. पण रडायला वेळ नव्हता. मी परत मनोऱ्याकडं धावले आणि मारुतीला इंजिन बंद करायला लावलं, कारण त्या आवाजात वर बोललेलं ऐकू गेलं नसतं. अण्णा वर फळ्यांच्या माचीवर गुडघ्यावर बसून खिट्टीशी झटत होते. चातुर्मास लागल्यापासून ती तिथंच होती. रोज संध्याकाळी त्यांनी इंजिन चालवलं होतं, पंखा चालवला होता, पण मान एकदाही हलवली नव्हती, आणि आमच्या पावसानं ती खिट्टी मानेत आणि चरकाची चाकं जागच्या जागी गंजवून टाकली होती.

मी खालून सांगितलं, "अण्णा, गल्ली जेवायला बसलीय."

अण्णा थांबले. त्यांचा आवाज खाली पोचत नसे, पण इंजिन बंद होतं आणि वारा माझ्या बाजूचा होता.

"मीच बसवली त्यांना," ते म्हणाले.

मग त्यांनी हातोडा मागितला. मारुतीनं नेऊन दिला. दहा-बारा घावांत खिट्टी तुटली आणि मान मोकळी झाली, पण सोडवून ठेवलेली चरकाची चाकं काही केल्या परत मानेला लागेनात. अण्णांनी शर्टाचा खिसा फाडून कापडाचे दोन बोळे कानात घातले, मारुतीला इंजिन सुरू करायला सांगितलं, आणि कर्ण्याला खांदा लावला. ढकलत निघाले. त्या माचीवर, पावसात, सत्तरी ओलांडलेला माणूस गोल गोल चालत होता आणि त्याच्या खांद्याबरोबर भोंगा फिरत होता. आवाज दूर गेला, परत आला. दूर गेला, परत आला. मारुती मध्येच वर गेला होता, मी लावतो खांदा म्हणून. अण्णांनी हातानं त्याला खाली जायला सांगितलं. इंजिन बंद पडलं असतं तर सगळंच संपलं असतं, हे खरं. पण मला वाटतं, त्यांना तो खांदा दुसऱ्या कुणाला द्यायचाच नव्हता.

गल्लीची दारं उघडली. माणसं हात न धुता बाहेर पडली. कुणाच्या काखेत पोर, कुणाच्या हातात दावं, एका बाईनं गडबडीत आमटीचं पातेलंच उचलून आणलं. ट्रॅक्टर निघाले. काकूही निघाल्या, आणि मनोऱ्याखाली येऊन वर बघत उभ्या राहिल्या. मी त्यांना ओढून ट्रॅक्टरमध्ये घातलं. दिवस मावळेपर्यंत शेवटचा ट्रॅक्टर मोरीवरून पार झाला, तेव्हा चाकं निम्मी पाण्यात होती. त्यानंतरच अण्णा खाली आले. टाकीच्या बाजूला टीचभर जमीन उंच आहे, तिथल्या पंपघरात आम्ही तिघं थांबलो. मारुतीनं त्यांना पाणी दिलं तर त्यांनी मान हलवली. सूर्य मावळला होता.

कुणी गेलं नाही. एक म्हैससुद्धा गेली नाही. फक्त अण्णांचे कान गेले.

दुसऱ्या दिवशी आम्हाला होडीनं बाहेर काढलं. हायवेवरच्या शाळेत मुक्कामाला असलेल्या काकूंना भेटायला अण्णा आले, आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जेवलीस काय?" आयुष्यात पहिल्यांदा. काकू आधी दचकल्या, मग रडल्या, आणि मग चिडल्या, कारण आता त्या कितीही बोलल्या तरी समोरच्याला काही ऐकू येणार नव्हतं. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. अण्णांनी ते उघडून बघितलं, आत काय आहे ते, आणि परत जोडलंच नाही.

पूर ओसरल्यावर सरपंचांनी सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार, सगळं मांडलं. अण्णा उठले आणि माईक बाजूला सारून बोलले. तो माणूस आता माईकशिवाय सगळ्या गावाला ऐकू यायचा. म्हणाले, "भोंगा मी बिघडवला. रोज चालवतो, रोज चालवतो म्हणून सांगत होतो. पण जे फिरायला पायजे होतं तेच फिरवत न्हवतो. सत्कार कसला करताय?" आणि खाली बसले. सरपंचांनी शाल घडी करून ठेवली. लोकांना कळेना टाळ्या वाजवाव्यात की काय करावं. मला त्या दिवशी त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी भर सभेत नाक शिंकरलं.

जेवणाचा भोंगा त्यांनी बंद केला तो कायमचाच. त्यावरून जैन गल्लीत केवढा गहजब. आपल्याच माणसानं आपल्याच व्रतात खोडा घातला म्हणून काकूंच्या भावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. सहा महिने त्यानं अबोला धरला, आणि अण्णांना त्याचा पत्ताच नव्हता. मुंडी हलवून नमस्कार करायचे आणि पुढं जायचे.

चाकं नवी बसवली, खिट्टी काढून टाकली. भोंगा आता वाजला की फिरणारच. पण अण्णांच्या जिवाला चैन नव्हती. गाव दोन वर्षं जेवायला बसायला शिकलं होतं. ते विसरलं का नाही, हे कसं कळणार? पुढच्या चातुर्मासात ते सरपंचांकडं आले आणि म्हणाले, एक चाचणी पायजे, कुणाला न सांगता. कधी? तर जेवणाच्या वेळी. सरपंच घाबरले. चातुर्मासात भरल्या ताटावरून उठवायचं म्हणजे माणसं सकाळपर्यंत उपाशी राहणार, खालच्या गल्लीची सगळी मतं जाणार. मी कागदावर लिहून अण्णांना ते दाखवलं. अण्णा मोठ्यानं म्हणाले, "पाणी काय ताट बघून येतंय व्हय?" सरपंचांनी दार लावून घेतलं आणि कबूल झाले. ठरलं ते फक्त चौघांनाच माहीत होतं. सरपंच, मारुती, मी आणि अण्णा. काकूंना सांगितलं नव्हतं.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते चाचणीच्याच दिवशी. पंधरवड्यानं मी निवृत्त होऊन मुलीकडं कोल्हापुरात राहायला गेले, आणि दिवाळीत ते गेल्याचा फोन आला.

त्या संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. वाढलेल्या ताटांचा वास येत होता. अण्णा गल्लीच्या टोकाला आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये, दाराकडं पाठ करून, कसल्याशा फळीला रंधा मारत होते. भोंगा सुरू झाला, फिरायला लागला. पहिला फेरा गेला, कुणी हललं नाही. दुसरा फेराही गेला. मग एक दार उघडलं. मग दुसरं. मग सगळी गल्ली बाहेर, पिशव्या, पोरं, दावी, आणि अर्धवट जेवणाबद्दल एकमेकांना आणि देवाला शिव्या. आजोबा काठी टेकत निघाले. मी दारातून आत बघत चालले होते. घराघरांत अर्धी ताटं तशीच पडलेली. अण्णांच्या घरातही एक पाट, एक ताट, भात कालवलेला. काकू नव्हत्या.

काकू शेडमध्ये होत्या. अख्ख्या गावात ज्याला तो भोंगा ऐकू येत नव्हता अशा एकाच माणसाला घ्यायला त्या आल्या होत्या. त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. अण्णा वळले. आधी त्यांनी तो हात बघितला. बोटांना आमटीभात होता. मग काकूंच्या तोंडाकडं बघितलं, मग दारातून धावणाऱ्या गल्लीकडं. काकू जोरजोरात बोलत होत्या, उठा, काय मेलं लाकूड घेऊन बसलाय, पाणी आलंय. अण्णांनी रंधा खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी दाराशी पोचले होते. काकूंना सांगायला तोंड उघडलं, की अहो, खरं पाणी नाही, ही चाचणी आहे. अण्णांनी काकूंच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग काकूंनी उष्ट्या हातानं त्यांचं मनगट धरलं, आणि दोघं गल्लीबरोबर मोरीकडं निघाली.